हिनं जुळवलेली पत्रिका

आमच्या घरात दोन मशीनं होती. पुढच्या खोलीत माझी पिठाची गिरणी आणि मागच्या खोलीत बायकोचा कॉम्प्युटर. मी गिरणी चालू केली की मागचा दिवा मंद व्हायचा आणि ही आतून ओरडायची, "अहो, सांगून तरी चालू करत जा! आत्ता बंद पडला असता तर?" डबे घेऊन उभ्या असलेल्या बायका हसायच्या. एक म्हातारी तर रोज विचारायची, "काय रे, मालकीणबाईंनी परवानगी दिली का? टाकू का गहू?"

मी घोटीकडचा. शिक्षण चौथी, तेही मास्तरांच्या कृपेनं. भाताच्या मिलवर पोती उचलायचो. ही वणीकडची, मॅट्रिक पास. ती माझ्या पदरात पडली त्याला तिच्या बापाची घाई कारण, दुसरं काही नाही. नाशकात आल्यावर मी गिरणी टाकली आणि ही एका छापखान्यात खिळे जुळवायला जाऊ लागली. शिशाचं एकेक अक्षर चिमटीत धरून ओळ लावायची, ते काम. नव्वद सालानंतर त्या छापखान्यात कॉम्प्युटर आला. बरोबरच्या दोघी घरी बसल्या, ही शिकली. पुढं मालकानं छापखानाच बंद केला, तेव्हा हिनं घरी कॉम्प्युटर घेतला. मालकानं स्वतः येऊन त्यात मराठी अक्षरं घालून दिली. मग ही लग्नपत्रिका जुळवून द्यायला लागली. मजकूर आमच्या मागच्या खोलीत तयार व्हायचा, छपाई दुसरीकडं.

पत्रिकेचं काम वाटतं तेवढं सोपं नाही. मानपानावरून होत नसतील तेवढी भांडणं पत्रिकेतल्या नावांवरून होतात. थोरल्या चुलत्याचं नाव धाकट्याच्या खाली गेलं की थोरला मांडवाकडं फिरकत नाही. म्हणून पत्रिका छापायला देण्याआधी ही मला मागं बोलवायची. दारातच हुकूम असायचा, "आधी पीठ झटका, हात धुवा, मग या." मी स्टुलावर बसायचो. गिऱ्हाइकानं हातानं लिहून दिलेला कागद माझ्याकडं, स्क्रीन तिच्याकडं. ती मोठ्यानं वाचायची आणि मी कागदावर बोट सरकवायचो. नाव गळलं की मी म्हणायचो, "थांब, हा मामा राहिला."

"राहू द्या, अक्षरावरून भांडकुदळ दिसतो," असं म्हणायची आणि त्याला जागेवर बसवायची.

मी खरा वाचायला शिकलो तो त्या स्टुलावर. आज हे लिहितोय तेही त्या जोरावरच.

सुट्टीत भाचेमंडळी आली की कॉम्प्युटरवर गेम खेळत. एकदा कुणाची तरी तयार पत्रिका त्यात पुसली गेली. हिनं ती पहिल्यापासून पुन्हा जुळवली आणि दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरला कुलूप घातलं. म्हणजे चालू केला की तो आधी एक शब्द विचारणार, तो शब्द दिला तरच पुढं जाऊ देणार. मी म्हणालो, "तिजोरी हाय का ती?"

"गिरणीला कुलूप लावता ना तुम्ही? तिथलं जातं कोण चोरून नेतंय?"

शब्द मी विचारला नाही. मला काय करायचा होता?

चातुर्मासात लग्नं नसतात, तेव्हा हिला काम नसायचं. अशाच एका पावसाळ्यात हिनं आमच्या पोरीची पत्रिका जुळवून ठेवली. पोरगी तेव्हा कॉलेजात, स्थळसुद्धा बघायला घेतलं नव्हतं. नवऱ्याच्या नावाच्या जागी टिंबं, तारखेच्या जागी टिंबं. मला बोलावलं, मी हात धुऊन स्टुलावर बसलो. या वेळी माझ्याकडं कागद नव्हता, कारण मजकूर हिच्याच डोक्यातला. हात रिकामे, कुठं ठेवावेत कळेना. तिनं वाचली. नेहमीचं "आमच्या येथे श्रीकृपेकरून" नव्हतं. तिचं स्वतःचं होतं, आमच्या घराचं होतं. खाली आमची नावं, माझं श्री. आणि तिचं सौ. आणि सगळ्यात शेवटी, जिथं लोक लहान पोरांच्या तोंडी काहीतरी लाडिक घालतात, तिथं हिनं घातलं होतं, "जेवल्याशिवाय जाऊ नका. गिरणीवाल्याच्या दारातून कुणी उपाशी गेलं तर उद्यापासून दळण येणार नाही."

मी म्हणालो, "हे छापायचं?"

"छापायचं. माझी पोरगी, माझी पत्रिका. नवरा तेवढा मिळू द्या."

स्वयंपाकघरातून पोरगी ओरडली, "आई, आधी मला तरी विचार!"

त्यानंतर दोन वर्षांनी ही गेली. सकाळी छातीत दुखतंय म्हणाली. मी गिरणी बंद केली, तिला रिक्षात बसवली. रिक्षात म्हणाली, "तुम्ही कपडे तरी बदलायचे, सगळे पिठाचे आहेत." दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत संपलं होतं. यावर आणखी काय लिहायचं? माणूस होतं, मग नव्हतं.

दहाव्याला आम्ही गोदाघाटावर गेलो. पिंड ठेवला, सगळे मागं सरकले आणि कावळ्याची वाट बघत बसले. नाशकातले कावळे माजलेले. त्यांना घाटावर रोज पंगत असते, ते निवडून खातात. शेजारच्या पिंडांना शिवत होते, आमच्याकडं बघत नव्हते. मेव्हणा, म्हणजे हिचा भाऊ, वणीला शेती करतो. तो पुढं झाला आणि हात जोडून मोठ्यानं म्हणाला, "आक्के, पोरीचं लग्न वर्षाच्या आत करू. मामा आहे मी, काळजी करू नको." कावळा हलला नाही. साडू म्हणाले, "दाजींना आम्ही सांभाळू." तरी नाही. माझी पोरगी काहीतरी पुटपुटली, ते मला ऐकू आलं नाही. कावळ्यालाही आलं नसावं.

गुरुजींना मागची मंडळी खुणावत होती. ते म्हणाले, "दर्भाचा कावळा करून टाकू का?"

मेव्हणा माझ्या कानाशी आला. "दाजी, तुम्ही बोला. तुमचंच काहीतरी अडकलंय."

माझ्या तोंडून निघालं, "तू केलेली पत्रिकाच छापीन. त्यातलं एक अक्षर बदलणार नाही."

कावळा आला. दोन उड्यांत आला, चोच मारली आणि गेला. माझं ऐकून आला की त्याची भूक त्या वेळेला जागी झाली, मला सांगता येणार नाही. पण बोललो ते वीस माणसांनी ऐकलं होतं, आणि मीही ऐकलं होतं.

तेराव्यानंतर पाहुणे निघायच्या आत आम्ही कॉम्प्युटर उघडायला बसलो. चालू झाला, चौकोन आला, शब्द विचारला. पोरगी कीबोर्डवर, आम्ही तिच्या मागं उभे. मेव्हण्यानं गावाचं नाव सांगितलं. नाही. देवीचं नाव. नाही. पोरीनं स्वतःची जन्मतारीख टाकली, मग स्वतःचं नाव टाकलं. नाही उघडलं, तशी ती उठून आत गेली. मेव्हण्याची बायको बसली. साडू म्हणाले, "सासूचं नाव टाका. ज्याचं तोंड बघायचं नसतं त्याचंच नाव कुलपाला देतात." सगळे हसले, मीही हसलो. माझ्या आईचं नाव टाकलं. नाही उघडलं. मग कुणीतरी म्हणालं, "दाजींचं राहिलं." माझं नाव टाकलं. उघडेल असं मला वाटलं नव्हतं, तरी मी चष्मा पुसून पुढं झालो होतो. नाही उघडलं. नंतर कुणी काही सुचवलं नाही. पंचवीस वर्षं एका छपराखाली राहिलो, आणि ती कुठला शब्द टाकेल हे मला ठाऊक नव्हतं. इतर नवऱ्यांना ठाऊक असतं का, कुणास ठाऊक.

पोरीला स्थळ लवकर मिळालं. नामपूरकडचे, कांद्याच्या व्यापारातले, माणसं सरळ. घरात कुणी गेलं की लग्न वर्षाच्या आत करतात, नाहीतर तीन वर्षं थांबतात, म्हणून त्यांनाही घाई मान्य होती. तारीख धरली. आता पत्रिका पाहिजे. मी कॉम्प्युटर चादरीत बांधला आणि रिक्षात घालून दुरुस्तीवाल्याकडं नेला.

त्यानं डबा उघडला आणि माझ्याकडं बघितलं. "काका, ह्यात पीठ हाय."

मी वाकून बघितलं. आतल्या पंख्यावर पिठाचा थर बसला होता, दमट होऊन कणकेसारखा घट्ट. ही त्याच्यावर दिवसभर फडकं टाकून ठेवायची. मला दारात झटकायला लावायची, हात धुवायला लावायची. तरी एवढी वर्षं ते आत जातच होतं. त्यानं ब्रशनं झाडून वर्तमानपत्रावर काढलं. मूठभर निघालं. विचारलं, "टाकून देऊ ना?" मी म्हणालो, "मग काय भाकरी करतो का त्याची?" त्यानं कागद गुंडाळून टोपलीत टाकला.

मग म्हणाला, "पासवर्ड माहीत नसंल तर फॉरमॅट मारावा लागंल. विंडोज नवीन टाकतो. डी ड्राइव्हला हात लावत नाही."

"माणसाच्या भाषेत सांग."

"काका, घराची पुढची खोली पाडायची आणि नवीन बांधायची. मागची खोली तशीच राहणार. काकूंनी पत्रिका मागच्या खोलीत ठेवल्या असतील, तर वाचल्या."

"मागच्या खोलीतच बसायची ती," मी म्हणालो.

"मग झालं काम."

माझं पटकन समाधान झालं. दुसरं विचारायची मला अक्कल नव्हती. कॉम्प्युटर घरी आणला. चालू केला तर काही विचारलं नाही, सरळ उघडला. पोरीनं दोनचार ठिकाणी टिचक्या मारल्या आणि एकदम म्हणाली, "आप्पा, आहे! सगळ्यांच्या आहेत!" हिनं जुळवलेल्या सगळ्या पत्रिका ओळीनं होत्या, आणि खाली एकावर पोरीचं घरातलं लाडाचं नाव. मी पीठ झटकलं, हात धुतले आणि स्टूल ओढलं.

तिनं ती उघडली. आत इंग्रजी अक्षरं होती. अक्षरांवर टोप्या, टिंबं, मधेच डॉलरची खूण, मधेच कंस. एक शब्द लागेना.

"ही कुणाची?" मी विचारलं.

"माझीच आहे, आप्पा."

"मग वाच."

"मराठीचा फॉन्ट गेलाय. अक्षरं पुसली त्यानं."

मला समजायला वेळ लागला, आणि समजलं ते हिच्या जुन्या कामावरून. जुळवलेल्या ओळी हिनं मागच्या खोलीत ठेवल्या होत्या. पण त्या ज्या अक्षरांनी छापायच्या, ते खिळे पुढच्या खोलीत होते. पुढची खोली आम्ही पाडली. ओळी राहिल्या, खिळे गेले.

दुरुस्तीवाला फोनवर पोरीला म्हणाला, "मराठीचं सॉफ्टवेअर होतं ते आधी सांगायचं ना, ताई. त्याची सीडी असंल तर पुन्हा टाकतो." आम्ही कपाट उपसलं, तिच्या साड्यांच्या घड्या मोडल्या, माळा उतरवला. सीडी नव्हती. ती असणार छापखान्याच्या मालकाकडं. तो सगळं विकून लांब मुलाकडं राहायला गेलेला. त्याचा जुना फोन वाजायचा, पण कुणी उचलायचं नाही, मग तो वाजेनासा झाला.

पंचवटीत पत्रिका करणारा एक माणूस कुणीतरी सुचवला. पोरीनं ती पत्रिका एका तबकडीत उतरवून घेतली आणि आम्ही त्याच्याकडं गेलो. त्यानं आपल्याकडची मराठी अक्षरं लावून बघितली. स्क्रीनवर एकदम मराठी दिसायला लागलं आणि मी बोट पुढं केलं. पण मराठी नव्हतं ते. 'ळ'च्या पुढं 'ण', मग आकडा, मग नुसती वेलांटी, तिच्याखाली काहीच नाही. त्यानं दुसरी अक्षरं लावली, तिसरी लावली. दर वेळी वेगळा गोंधळ. मी म्हणालो, "अजून हायेत का?" तो म्हणाला, "काका, या पत्रिकेच्या जातीची अक्षरं माझ्याकडं नाहीत. मजकूर सांगा तुम्ही, आत्ता बसून नवीन जुळवून देतो."

"आप्पा, आठवेल तेवढं सांगा," पोरगी म्हणाली.

आठवेल तेवढं म्हणजे किती? मी ती एकदाच ऐकली होती, आणि ऐकताना तिच्या तोंडाकडं बघत होतो. आवाज कुठं चढला, कुठं थांबला, ते अजून सांगेन. शब्द नाहीत. शेवटची ओळ तेवढी पाठ होती, ती सांगितली. त्यानं बाकी सगळं नेहमीचं घातलं, "आमच्या येथे श्रीकृपेकरून" वगैरे, आणि खाली हिची ओळ.

नमुना घेऊन घरी आलो. मेव्हणा आला होता. त्यानं वाचला आणि म्हणाला, "दाजी, आक्काच्या नावापुढं सौ. राहिलंय. कै. पायजे."

"मी जिवंत हाय ना? सवाष्ण गेली ती. सौ.च राहील."

"सवाष्ण गेली, खरंय. पण गेली ना?"

त्याच्याशी काय भांडायचं? तोही रडतच बोलत होता. मी म्हणालो, "कर तुला करायचं ते." त्यानं पेनानं सौ. खोडून वर कै. लिहिलं.

दोन दिवसांनी व्याही बोलणी करायला आले. त्यांनाही नमुना दाखवला. त्यांचे थोरले चुलते म्हातारे, मिशीवाले, चष्मा कपाळावर. त्यांनी बोट ठेवत वाचलं आणि खालच्या ओळीवर थांबले. "हे दळणाचं काय हाय? आमच्याकडची माणसं डबे घेऊन येतील हो लग्नाला!" सगळे हसले. चांगल्या मनानं बोलले, त्यात वाईट काही नव्हतं. मग हळूच म्हणाले, "काढून टाका ते, पावणं. चार मोठी माणसं वाचत्यात."

पोरीनं माझ्याकडं बघितलं. मी काढून टाकली.

म्हणजे पत्रिका छापली गेली तेव्हा तिच्यात हिचं एक अक्षर नव्हतं. घाटावर मी म्हणालो होतो, एक अक्षर बदलणार नाही.

लग्न लागलं. कन्यादानाला जोडपं लागतं, म्हणून मेव्हणा आणि त्याची बायको पाटावर बसली. मी जेवणाच्या पंगतीत उभा होतो, वाढप्यांना म्हणत होतो, बघा, उपाशी कुणी जाऊ देऊ नका. सगळे जेवून गेले. पोरगी नामपूरला गेली. जाताना म्हणाली, "आप्पा, कॉम्प्युटर तुमच्याकडंच राहू द्या. अधूनमधून चालू करा, नाहीतर परत पीठ बसेल."

लग्नाच्या आधी मी एक गोष्ट केली होती, ती कुणाला सांगितली नाही. पंचवटीतल्या माणसाला म्हणालो होतो, ते वाचता येत नाही तसंच्या तसं एक छापून दे. तो म्हणाला, "काका, याचा उपयोग काय?" मी म्हणालो, "तू छाप." पिवळ्या जाड कागदावर त्यानं एक प्रत काढून दिली. मी घरी आणून चारी कोपऱ्यांना हळदीकुंकू लावलं, लावतात तसं. ती कपाटात होती.

वर्षश्राद्धाला गच्चीवर पान ठेवलं. मी वर जाऊन ती पत्रिका पानाशेजारी ठेवली आणि उडू नये म्हणून तिच्यावर दगड ठेवला. खाली उतरतोय तोच मेव्हणा ओरडला, "दाजी, शिवला! बघा, लगेच शिवला! आक्का समाधानी झाली."

मी वळून बघितलं. कावळ्यानं वडा उचलला होता. पत्रिकेवर एक पाय होता त्याचा. त्याला काय, पत्रिका आणि रद्दी सारखीच. मी मेव्हण्याला म्हणालो, "हो, झालं." त्याला बरं वाटायला पाहिजे होतं. मला काही वाटलं नाही. दिलेला शब्द पाळला असं तर नाहीच नाही. माणसानं केलेली वस्तू समोर असते, आणि वाचता येत नाही, आणि ती वाचून दाखवणारं माणूस एकच होतं.

पुढं पाऊस आला तेव्हा ती पत्रिका दगडाखाली भिजून लगदा झाली. मी गच्ची झाडताना ती भरून टाकली.

गिरणी अजून आहे, दळण कमी झालंय. लोक तयार पीठ आणतात. चारआठ दिवसांनी मी हात धुतो, मागच्या खोलीत जातो आणि बटण दाबतो. पंखा घरघरतो, आत पुन्हा पीठ बसायला लागलंय. पोरीनं दाखवलं तसं तिच्या नावावर दोनदा टिचकी मारतो. त्या टोप्या आणि टिंबं येतात. सगळ्यात खाली दोन ओळी आहेत, एक आखूड, एक लांब. जेवल्याशिवाय जाऊ नका, ती आखूड. लांब ती दळणाची. त्यांच्यावर बोट ठेवतो. त्यांच्या वर अकरा ओळी आहेत, तिथं बोट कुठं ठेवायचं मला माहीत नाही.

मग बंद करतो. पुन्हा कधी चालू केला तरी तो काही विचारत नाही. कोणीही यावं, बटण दाबावं, उघडतो.